बोलोन्यातलं लाटणं

घरी ओट्याजवळ जायचं म्हटलं की ज्यांचे गुडघे दुखायला लागतात, तीच माणसं परदेशी सुटीवर युरो मोजून पीठ मळायला उभी राहतात. मला यात काही विपरीत वाटत नाही. घरच्या कणकेला प्रेक्षक नसतात. तिकडे एप्रन मिळतो, वाइन मिळते आणि कुणीतरी आपले फोटो काढतं. बोलोन्याच्या मुक्कामात आमच्या चमूने असा पास्त्याचा वर्ग करायचं ठरलं, तेव्हा आमच्यातल्या बायका म्हणाल्या, "पोळ्यांतून सुटावं म्हणून एवढं विमानाने आलो, आणि इथेही लाटणंच?" पुरुषांचा उत्साह मात्र दांडगा. लाटण्याचा कंटाळा येण्याइतकं त्यांनी कधी लाटलंच नव्हतं.

पास्त्याची पोळी हाताने लाटणाऱ्या बाईला बोलोन्यात स्फोल्यिना म्हणतात आणि हे नाव एखाद्या पदवीसारखं उच्चारतात. आम्हाला शिकवणाऱ्या सिन्योराही त्याच थाटाच्या. कृती ऐकून बायकांनी नाकं मुरडली : शंभर ग्रॅम बारीक पिठाला एक अंडं. पाणी नाही, तेल नाही. लाकडी फळीवर पिठाचं आळं करायचं, त्यात अंडी फोडायची आणि काट्याने कडेचं पीठ थोडं थोडं आत ओढायचं. मग मळत राहायचं. गोळा अर्धा तास झाकून ठेवायचा आणि त्या वेळात वाइन प्यायची. हा शेवटचा भाग आमच्यातल्या डॉक्टरांना फार शास्त्रशुद्ध वाटला.

लाटणं भलतंच लांब, आपल्या दोन-तीन लाटण्यांचं मिळून एक होईल असं. पोळी डोळ्यांसमोर धरली तर पलीकडचं सान लुका दिसावं, असं तिथे म्हणतात. सान लुका म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचं मेरीमातेचं देऊळ. तिथवर 666 कमानींच्या सावलीतून चालत जाता येतं. डॉक्टरांनी आपली पोळी उचलून धरली तेव्हा सान लुका राहिलं बाजूला, खुद्द डॉक्टरच दिसेनासे झाले.

पट्ट्या कापायची वेळ आली आणि आमच्या सीए मित्राने रुंदी विचारली. गंमत म्हणजे या प्रश्नाला बोलोन्यात अधिकृत उत्तर आहे. 1972 साली तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्सकडे ताल्यातेल्लेचं, म्हणजे या पट्ट्यांचं, माप रीतसर नोंदवलं गेलं. शिजल्यावर रुंदी 8 मिलिमीटर, म्हणजे गावातल्या आझिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा 12,270वा भाग. नमुन्यादाखल सोन्याची एक पट्टीही जपून ठेवली आहे. सीएचे डोळे पाणावायचेच बाकी होते. सिन्योरांनी मात्र पोळीची सैल गुंडाळी केली आणि आमच्याकडे बघत, कुणालातरी रागवत, सुरी सरसर चालवली. उलगडलेल्या पट्ट्या एकसारख्या. सीएने मोबाइलवर मापं काढायचा नाद मुकाट सोडला.

मला त्या सोन्याच्या पट्टीचा हेवा वाटला. आपल्याकडे लग्नघरी बायका गव्हले वळत बसायच्या. बोलता बोलता चिमटीतून तांदळाएवढा दाणा सुटायचा, परातभर झाले तरी एक लहान एक मोठा नाही. कुणी काडीवर सरगुंडे वळायचं. आपल्या कुठल्या चेंबर ऑफ कॉमर्सने सोन्याचा गव्हला तिजोरीत ठेवल्याचं ऐकिवात नाही. वळणाऱ्या आजीला तर कुणी गव्हल्यांसाठी पदवीही दिली नाही. फार तर "हिला बसवा, हिचा हात चालतो," एवढंच.

पट्ट्यांनंतर भरलेला पास्ता. तोर्तेल्लीनीच्या सारणात डुकराचं मांस असतं, म्हणून आमच्या शाकाहारी मैत्रिणीला सिन्योरांनी रिकोत्ता आणि पार्स्ली भरून तोर्तेल्लोनी करायला बसवलं. आकाराने ते तोर्तेल्लीनीचे थोरले भाऊ. वरून लोणी, सेजची पानं आणि पार्मिज्यानो चीजचा सढळ कीस. पार्मिज्यानोचं दूध वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, हे त्या टेबलावर मला आणि आणखी एकालाच ठाऊक होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि वाइनबद्दल बोलायला लागलो. आल्यापासून रोज ती तोच कीस मागून घेत होती; आता सांगून तिची सहल कशाला नासवायची?

सगळ्यांत पातळ पोळी निघाली ती आमच्यातल्या सर्वांत आळशी गृहस्थाची. घरी ज्याला पोलपाट कुठल्या कपाटात असतो हे माहीत नाही, त्याच्या पोळीपुढे सिन्योरांनी दोनदा "ब्राव्हो!" म्हटलं आणि बाकीच्यांना ती बघायला बोलावलं. त्याची बायको हात बांधून उभी होती.

"घरी का रे नाही जमत तुला?"

"घरचं लाटणं आखूड आहे गं," तो पडेल आवाजात म्हणाला. "माझा हात मोठा. मला लांब लागतं."

ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही बाकी सगळे मनोरा बघायला गेलो, तेव्हा ती बाजारात शिरली आणि सिन्योरांच्या लाटण्यासारखंच लाटणं घेऊन आली. ते कुठल्याच बॅगेत बसेना. शेवटी त्याचेच चार शर्ट बाहेर काढले आणि सगळ्यांत मोठ्या बॅगेत तिरकं घातलं.