बिनमातीचा वस्ताद

कोल्हापुरात बाहेरून काहीही आलं, की काही दिवसांत त्याची तालीम होते. फुटबॉलचंच बघा. खेळ साहेबाचा, पण इथले संघ पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ अशा नावांनी शाहू स्टेडियमवर उतरतात, आणि सामना संपला तरी त्याचा निकाल पेठेपेठेत पुढं आठवडाभर लागत राहतो. तेव्हा २५ फेब्रुवारी २०२२ ला जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअर कंपनीचा ‘एल्डन रिंग’ हा गेम बाहेर पडला आणि थोड्याच दिवसांत मंगळवार पेठेतल्या एका माडीवर त्याचीही तालीम सुरू झाली, यात नवल काही नाही. बघण्यासारखा आहे तो तिथला वस्ताद.

असा वस्ताद आता गावात बऱ्याच ठिकाणी सापडतो. राजारामपुरीतला थोडा इंग्रजी फेकतो, शिवाजी पेठेतला थोडा मोठ्यानं बोलतो, एवढाच फरक. आमचा मंगळवार पेठेतला म्हणजे अस्सल नमुना. वय तिशीच्या पलीकडं. मान जाड, पण ती जोर-बैठकांनी नव्हे, बसून. पैलवानाचे कान मातीत घासून मोडतात. याचे हेडफोननं चेपलेत. तो दोन्ही एकच मानतो. आजोबा गंगावेस तालमीत जाणारे. त्यांचा लंगोटातला फोटो माडीच्या भिंतीवर आहे आणि त्याच्या बरोबर खाली कॉम्प्युटर. ताकद काही नातवापर्यंत पोचली नाही. भाषा मात्र सगळी पोचली.

ज्यांनी हा गेम पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एक उजाड, सुंदर मुलूख. त्यात तुम्ही एकटे आणि बाकी सगळे तुमच्या जिवावर उठलेले. मारामारीत जिंकलं की ‘रून्स’ मिळतात. त्या मोजून आपली ताकद वाढवायची. मेलात तर सगळ्या रून्स जागच्या जागी सांडतात. परत जाऊन त्या उचलायच्या, आणि वाटेत पुन्हा मेलात तर पहिल्या गेल्या त्या गेल्याच. दुसरे गेम सुरुवातीलाच नम्रपणे विचारतात, सोपं हवं, मध्यम हवं की अवघड? हा विचारतच नाही. सगळ्यांना एकच माप. वस्तादाचं या गेमवर प्रेम जडलं ते इथंच.

“खासबागंत कोण इचारतंय का, पाव्हणं, सोपी कुस्ती लावू का म्हणून?” तो म्हणतो.

खासबागेत, म्हणजे शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या आणि १९१२ पासून चालू असलेल्या त्या मैदानात, जोड लावताना वय, वजन, ताकद सगळं बघतात. नवख्या पोराला कुणी हिंदकेसरीपुढं उभं करत नाही. एल्डन रिंग मात्र तेच करतो. गुहेतून उजेडात आलात की समोर सोन्याच्या चिलखतातला घोडेस्वार. ही तफावत वस्तादाच्या कानावर घालायला माडीवर कुणी धजत नाही, कारण पीसी त्याचा आहे.

संध्याकाळी सातनंतर तालीम भरते. कॉलेजची चार पोरं, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला एक, आणि शेजारची बारावीतली एक मुलगी, जी क्लास सुटल्यावर दप्तरासकट येते. वस्ताद स्वतः कंट्रोलर फारसा हातात घेत नाही. मागच्या खुर्चीत बसून तो ओरडतो, आणि त्याचं ओरडणं ऐकायलाच जावं.

पहिला खरा अडसर मार्गिट. किल्ल्याच्या दारात काठी घेऊन उभा असलेला शिंगाडा म्हातारा. जगभरची लाखो माणसं याच्या हातून मेली, त्याचं कारण ताकद नव्हे. तो काठी उगारतो आणि उगारलेली तशीच धरतो. आपण घाबरून आधीच लोळण घेतो, उठतो, आणि मग ती काठी डोक्यात बसते.

“खडाखडी करतंय त्ये!” वस्ताद मागून गरजतो. “हात दाखवून तुझा तोल बघतंय. काठीकडं बघू नगंस, खांद्याकडं बघ! खांदा हलला की मग लोळ. आन् मागं कशाला लोळतोस? आत लोळ, आत! पटात घुस!”

यातलं एक अक्षर खोटं नाही, हीच गंमत. या गेममध्ये लोळण घेताना अर्ध्या सेकंदाहूनही कमी असा एक क्षण असतो, की तलवार अंगातून आरपार गेली तरी लागत नाही. म्हणून मागं सरणारा मरतो आणि वाराच्या दिशेनं आत शिरणारा वाचतो. हे पोरांना इंग्रजी व्हिडिओतून तासभर बघून कळत नाही; ‘पटात घुस’ म्हटलं की एका दमात कळतं. मार्गिट ज्या दिवशी एका पोराकडून पडला, त्या दिवशी वस्तादानं खुर्चीतूनच शड्डू ठोकला. खुर्चीचं एक चाक तेव्हापासून लंगडतं.

बिल्ड हा त्याचा आवडता विषय. आपल्या गड्याला काय बनवायचं, हे गेम खेळणाऱ्यानं ठरवायचं असतं. आठ गुण आहेत, प्रत्येकात हवी तेवढी भर घालायची. व्हिगर म्हणजे जीव, एन्ड्युरन्स म्हणजे दम, मग ताकद, चपळाई, बुद्धी, श्रद्धा वगैरे. वस्तादानं हे आठ खण सगळ्या गावाला लावून टाकलेत. त्याची मामी रोज अंबाबाईला आणि रविवारी जोतिबाला जाते, म्हणून मामी ‘फेथ ८०’. केएमटी बसचे ड्रायव्हर ‘डेक्सटेरिटी’. गुळाचे व्यापारी ‘आर्केन’, कारण गेममध्ये आर्केन वाढवलं की जाईल तिथं जास्त माल सापडतो. सरकारी कचेरीतला कारकून हा ‘मोठी ढाल बिल्ड’: ढालीमागं बसायचं आणि समोरचा दमला की भाल्यानं हळूच टोचायचं. स्वतःबद्दल विचारलं तर तो म्हणतो, “आपण प्युअर स्ट्रेंथ.” पन्हाळ्याच्या पायऱ्या चढताना या प्युअर स्ट्रेंथला चार वेळा बसावं लागतं, पण ते असो.

वजनाचा नियम तर त्यानं आयुष्यालाच लावलाय. गेममध्ये अंगावरच्या सामानाचं ओझं झेपण्याच्या ७० टक्क्यांपुढं गेलं की लोळण जड होते, गडी धप्पकन पडतो आणि उठेपर्यंत मार खातो. रविवारी दुपारी मटणाचं ताट, तांबडा-पांढरा वाटीवर वाटी झाला, की वस्ताद माडीच्या जिन्यावर एक पाय ठेवून जाहीर करतो, “आज सत्तरच्या वर हाय. आज फक्त मार्गदर्शन.”

तसं इतर दिवशीही मार्गदर्शनच असतं.

जादूगारांवर त्याचा राग. लांब उभं राहून काठीतून निळे गोळे सोडायचे, हा त्याच्या मते रडीचा डाव. मदतीला आत्मे बोलावणाऱ्यांवर तर जास्तच. दोघांच्या कुस्तीत तिसरा हौद्यात उतरला तर मैदानात काय होईल, असं तो विचारतो, आणि काय होईल हे कोल्हापुरात सांगावं लागत नाही. अपवाद एकच, राडान. हा एवढा आडदांड सेनापती, पण बसतो एका मरतुकड्या लहान घोड्यावर. घोड्याला आपलं ओझं होऊ नये म्हणून त्यानं गुरुत्वाकर्षणाची विद्याच शिकून घेतलेली. त्याच्याशी लढायला गेमनं चक्क उत्सव भरवलाय, ठिकठिकाणचे वीर बोलावता येतात. “जत्रंचं मैदान हाय त्ये, जत्रंत चालतंय,” वस्ताद म्हणतो. आणि मग घोड्याचा विषय काढून हळवा होतो. “येवढा मोठा गडी, पर आपलं घोडं सोडलं न्हाई बग.”

घरची परिस्थिती मात्र जिकिरीची. या गेमला मधेच थांबवायचं साधं बटण नाही. आई खालून “भाकरी गार व्हायल्या!” म्हणून हाक मारते तेव्हा वर कुणीतरी कुणाच्यातरी तलवारीखाली असतंच. वडील निवृत्त, आणि गेमचं शास्त्र त्यांना ऐकून ऐकून पाठ झालेलं. त्यात रेनाला नावाची एक राणी आहे. तिला एक विशिष्ट अश्रू नेऊन दिला की सगळे गुण मोडून बिल्ड पहिल्यापासून नव्यानं बांधता येते. हे अश्रू मोजकेच असतात. चिरंजीवांनी आधी डिप्लोमा सोडला, मग बीसीए केलं, मग पुण्यात राहून एमपीएससी करून झाली. चौथ्यांदा “जरा वेगळं काहीतरी करायचं म्हणतोय,” असं निघालं तेव्हा वडील पेपर खाली न करता म्हणाले, “त्या बाईला इचार, अश्रू किती शिल्लक हाईत.”

वस्ताद हटला नाही. गेमचे कर्ते हिदेताका मियाझाकी यांचं चरित्र त्यानं पुढं केलं. खरंच आहे ते: चांगल्या सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी, ती त्यांनी २९व्या वर्षी सोडली, कमी पगारावर फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये शिरले, आणि दहा वर्षांत तिचे अध्यक्ष झाले. वडिलांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. “त्यानं गेम केला,” ते म्हणाले. “तू बगतोयस.”

शब्द नेमका होता. खेळतोयस म्हणाले असते तरी चाललं असतं, पण बापाला माहीत होतं.

मला वाटतं, वस्तादाचं खरं मर्म गेममधल्याच एका बारीक सोयीत आहे. खेळणारा जमिनीवर चार शब्दांचा संदेश लिहून ठेवू शकतो आणि जगात दुसरीकडं बसून खेळणाऱ्याला तो दिसतो. पुढं सापळा आहे, डावीकडं बघा, असले. काही लोक कड्याच्या टोकाला ‘उडी मारून बघा’ असं लिहून ठेवतात आणि भाबडी माणसं उड्या मारतात. (वस्तादानं असे दोन लिहिलेत. पत्ता सांगताना कोल्हापूरकर कधी फसवत नाही, पण गेममध्ये कोण बघतंय.) आता सोय अशी की तुमच्या संदेशाला कुणी दाद दिली, तर त्या क्षणी तुमच्या गड्याचा घटलेला जीव भरून येतो. तुम्ही इकडं मरायला टेकलेले असता आणि ब्राझीलमधल्या कुणालातरी तुमचा सल्ला पटलेला असतो. वस्तादाचं नेमकं असंच आहे. दिवसभर तो मलूल असतो. नोकरीचे फोन, वडिलांचा पेपर, दुपारची झोप. संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या आणि कुणी म्हणालं, “वस्ताद, ह्यो लई मारायलाय, काय करू?” की चेहऱ्यावर रंग चढतो. जिंकण्यात त्याला फारसा रस नाहीच. आपल्याला विचारावं, यात सगळा जीव. आणि विचारण्याजोगं त्याच्याकडं आहे, हेही कबूल करायला हवं, कारण या गेममध्ये ज्ञान म्हणजे कशाकशानं मरता येतं याची माहिती, आणि ती त्याच्याइतकी गावात कुणाकडं नाही.

मलेनियाचं प्रकरण निघालं की मात्र तो जरा सावध होतो. ही गेममधली सगळ्यात अवघड बाई. आपण आजवर हरलो नाही असं ती आधी सांगून घेते. (“सांगू दे की, मैदानात निवेदक असतोयच.”) तिचा प्रत्येक वार लागला की तिचाच जीव भरतो, ढालीवर घेतलात तरी. आणि एकदा का ती हवेत उसळली, की वारांची जी सरबत्ती येते तिच्यातून चांगले चांगले सुटले नाहीत. २०२२ मध्ये एक खेळाडू यावरून जगभर गाजला. अंगावर फक्त लंगोट, डोक्यावर रांजण, दोन हातांत दोन तलवारी. लोकांनी मदतीला बोलावलं की यायचा आणि मलेनियाला एकटा पाडून जायचा, हजारावर वेळा. नाव घेतलं होतं ‘लेट मी सोलो हर’. गेमच्या प्रकाशक कंपनीनं त्याला खरीखुरी तलवार भेट पाठवली. वस्तादाच्या मते हा गडी मुळातला आपल्याकडचाच असणार. पुरावा: लंगोट.

तर वस्तादानं स्वतः मलेनिया मारली का? मारली. कशी, याच्या तीन हकिकती आहेत. पहिलीत तो एकटा होता. दुसरीत रांजणवाला आला होता, पण नुसता बघत उभा राहिला. तिसरी मोबाइलवाल्या पोरानं जुन्या रेकॉर्डिंगमधून बाहेर काढली. तिच्यात पडद्यावर एकसारखे दोन गडी मलेनियाला दोन्हीकडून बडवताना दिसतात. म्हणजे ‘मिमिक टिअर’, आपलीच हुबेहूब नक्कल करणारा आत्मा. माडीवर शांतता पसरली. मदतीला आत्मा बोलावणाऱ्याची गेली दोन वर्षं या खोलीत काय संभावना झाली होती, ते सगळ्यांना आठवत होतं.

“मग?” वस्ताद म्हणाला. “दुसरं कोण हाय त्यात? मीच हाय की. दोगं.”

गेल्या महिन्यात त्या बारावीतल्या मुलीनं मलेनिया पाडली. जादूनं. लांबून, काठीतून, निळे गोळे सोडून. कुणाला काही न विचारता, क्लासला जायच्या आधी, वस्ताद खाली आंघोळीला गेला असताना. तो टॉवेलवर वर आला तेव्हा पडद्यावर विजयाची अक्षरं होती. पोरं श्वास रोखून त्याच्याकडं बघत राहिली. दोन मिनिटं तो काहीच बोलला नाही. मग खिडकीत गेला आणि टॉवेल सावरत खाली गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला, “आमच्या तालमीची पट्ठी हाय!” दुसऱ्या दिवशी सकाळी मिसळीच्या टेबलावर त्यानं चार जणांना सांगितलं की जादू घे म्हणून तिला त्यानंच सुचवलं होतं, पोरीचा पिंड बघून बिल्ड द्यावी लागते.

तिच्या कानावर हे गेलं असणारच. संध्याकाळी दप्तर ठेवून ती म्हणाली, “वस्ताद, आता पुढचा भाग घेऊ म्हणते, ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’. त्यात शेवटाला परत राडान आहे म्हणे, लई बेकार मारतो. तुम्ही कुठवर खेळलाय?”

२०२४ च्या जूनमध्ये आलेला हा भाग वस्तादानं अजून विकत घेतलेला नाही, हे पीसीवर बसणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तिलाही.

“वस्तादानं हौद्यात उतरायचं नसतंय,” तो म्हणाला आणि लंगडी खुर्ची पुढं ओढली. “तू बस. आन् पयल्यांदा सांग, घोडं हाय का न्हाई त्याच्याकडं?”