फॉल्ट काढण्याचे सोपे धडे

सोलापुरात ‘लाईनला फॉल्ट आहे’ म्हटलं की माणूस आधी पंख्याकडे बघतो आणि मग वायरमनला फोन लावतो. या धड्यांतला फॉल्ट त्याहून कैक कोटी वर्षांनी जुना असू शकतो, आणि त्याला वायरमन नाही. शाळेच्या भूगोलात त्याला प्रस्तरभंग म्हणत. गट पर्वत आणि खचदरीची आकृती काढून दोन मार्क पदरात पडले की त्याचा नि आपला संबंध संपायचा. आता भूशास्त्र शिकणारी पोरं तोच प्रस्तरभंग लॅपटॉपवर माऊसने काढतात आणि त्याला ‘फॉल्ट इंटरप्रिटेशन’ म्हणतात. घरच्यांनी विचारलं तर ‘जमिनीचा एक्स-रे वाचतो’ असं सांगावं. तो एक्स-रे नसतो, पण स्थळ घेऊन आलेल्यांना एवढं पुरतं.

धडा पहिला : डेटा आणणे.

जमिनीत सुरुंग उडवतात किंवा जड ट्रकच्या पायाने जमीन थरथरवतात. लाटा खाली जातात, थराथरावर आपटून परत येतात, आणि वर ओळीने पेरलेले जिओफोन त्यांची नोंद करतात. एवढं सोपं आहे तर आपल्याच गावाखालचा डेटा घेऊन शिकू, असा बाणेदार विचार कुणाच्याही मनात येईल. पण सोलापूर बसलंय काळ्या पाषाणावर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यावर. हा बेसाल्ट भूकंपलहरींशी फार उर्मटपणे वागतो. बरीचशी ताकद तो वरच्यावर परतवून लावतो. आत शिरलेली लाट एका थरातून दुसऱ्या थरावर आदळत राहते आणि त्याच प्रतिध्वनीच्या नकला पुन्हा पुन्हा वर पाठवते. बेसाल्टखालचं चित्र बघणं म्हणजे वाफ धरलेल्या काचेतून हॉटेलबाहेरची रिक्षा ओळखणं.

म्हणून नवशिक्याने सरळ नेदरलँड्सला जावं. उत्तर समुद्रातल्या ‘एफ-थ्री’ ब्लॉकचा 1987 सालचा त्रिमित डेटा फुकट मिळतो. ‘ओपनडीटेक्ट’ हे सॉफ्टवेअरही फुकट मिळतं. तिथे गाळाचे थर आज्ञाधारक आहेत, खाली मिठाचा घुमट आहे, वर फॉल्टही आहेत. बाहेर बेचाळीस डिग्री, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि आपण डच समुद्राच्या तळाशी.

धडा दुसरा : रंग निवडणे.

पहिला आठवडा यातच घालवावा. लाल-निळा रंग भारदस्त दिसतो, राखाडीत फॉल्ट चांगले दिसतात. म्हणून सगळे लाल-निळाच ठेवतात.

धडा तिसरा : उभी मोजपट्टी वाचणे.

ती मीटरमध्ये नसते, मिलिसेकंदांत असते. घाबरू नका. पुणं किती लांब, असं विचारल्यावर सोलापूरकर कधी किलोमीटर सांगतो का? ‘हुतात्मा एक्सप्रेसनं चारएक तास’ एवढंच सांगतो. तसंच हे. लाटेला जाऊन यायला किती वेळ लागला, ते तिथे लिहिलेलं असतं. फक्त गाडी कोणती होती ते विसरू नये. सेकंदाला दोन किलोमीटर वेगाच्या मऊ गाळात एका सेकंदाचा जायचा-यायचा प्रवास म्हणजे एक किलोमीटर खोली. पाच किलोमीटर वेगाच्या बेसाल्टात तोच सेकंद अडीच किलोमीटर खाली नेतो. हे न कळता काढलेला फॉल्ट कागदावर झोकात उभा राहतो आणि प्रत्यक्षात आडवा निघतो.

धडा चौथा : बघणे.

याला मात्र मला गुरू भेटला. सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या गल्लीत एक अण्णा राहतात. उभी हयात चादरीच्या मागावर गेली. एकदा वीज गेली म्हणून आमच्याकडे येऊन बसले (लॅपटॉप बॅटरीवर होता) आणि पडद्यावरचा छेद बघून म्हणाले, ‘हे तर आमचंच काम की हो.’ खरंच होतं ते. त्रिमित डेटा विणलेलाच असतो. एका दिशेच्या रेघांना इनलाईन म्हणतात, त्यांना काटकोनात जाणाऱ्यांना क्रॉसलाईन. अण्णांच्या भाषेत ताणा आणि बाणा. मी त्यांना समजावलं की थर म्हणजे चादरीवरचे पट्टे. पट्टा सरळ चालत येतो, एका जागी तुटतो आणि पलीकडे जरा खालून पुढे सुरू होतो. ती तुटीची जागा म्हणजे फॉल्ट. किती घसरला, ती त्याची थ्रो. तिरक्या तुटीच्या वरच्या अंगाचा खडक खाली घसरला असेल तर जमीन ताणली गेली, वर चढला असेल तर दाबली गेली.

अण्णांनी चार सेकंदांत एक फॉल्ट दाखवला. बरोबर होता. मग मी मोठ्या कौतुकाने माझा आवडता फॉल्ट दाखवला, तीन दिवस खपून काढलेला, जांभळ्या रंगाचा. अण्णांनी चष्मा वर केला. ‘हा डिझाईनमधला तुटका नाही. हा माग अडल्याचा पट्टा आहे.’ मग त्यांनी फरक सांगितला. धागा तुटला की खोट तेवढ्याच जागी दिसते आणि नक्षीबरोबर चालते. माग थांबवून परत सुरू केला की एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ रेघ पडते. तिला नक्षीशी काही देणंघेणं नसतं. माझा जांभळा फॉल्ट एका इनलाईनला तंतोतंत समांतर होता. जमिनीला इनलाईनची दिशा माहीत नसते. ती सर्वेक्षण करणाऱ्या जहाजाला माहीत असते.

अशा खुणांना धंद्यात ‘फूटप्रिंट’ म्हणतात. पुस्तकात त्यावर मोठं प्रकरण होतं. मी ते वाचलं होतं आणि त्याच्यावरून पुढे गेलो होतो.

धडा पाचवा : काड्या टाकणे.

दर दहाव्या इनलाईनवर फॉल्टच्या जागी एक काडी टाकावी. सॉफ्टवेअरमध्येही तिला ‘स्टिक’च म्हणतात. मग बटण दाबलं की छत्रीच्या काड्यांवर कापड चढावं तसा काड्यांवर पृष्ठभाग चढतो. छत्री उलटी झाली तर कुठली तरी काडी शेजारच्या फॉल्टची आहे.

धडा सहावा : मुंग्या सोडणे.

हा भाग ऐकून लोकांना वाटतं मी थापा मारतोय. ‘पेट्रेल’ नावाच्या महागड्या सॉफ्टवेअरमध्ये अँट ट्रॅकिंग असतं. आधी संगणक सगळ्या डेटात थरांची संगती जिथे बिघडते त्या जागा काढतो. मग त्यात हजारो आभासी मुंग्या सोडतात. जिथे तुटीचा माग लांबवर लागतो तिथून मुंग्या जातात आणि गंध सोडतात. ज्या वाटेवर पुष्कळ मुंग्या गेल्या ती उजळते. आपण सकाळी उठून बघतो तर पडदा फॉल्टांनी झळाळतोय! साहेबांना दाखवायला याइतकं सुंदर चित्र नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की मुंगीला शेंगाचटणी आणि भिंतीची चीर यांतला फरक कळतो. या मुंग्यांना फॉल्ट आणि फूटप्रिंट यांतला कळत नाही. ज्या रेघेला अण्णांनी माग अडलेला म्हटलं होतं, तिच्यावरून माझ्या मुंग्यांची मिरवणूकच गेली.

धडा सातवा : ठामपणा.

भूशास्त्रज्ञ क्लेअर बाँड आणि सहकाऱ्यांनी 2007 साली एक प्रयोग छापला. त्यांनी संगणकावर एक छेद मुद्दाम बनवला, म्हणजे त्यातलं खरं उत्तर त्यांना आधीच माहीत होतं. तो लोकांना वाचायला दिला आणि 412 वाचनं जमा झाली. त्यांत विद्यार्थी होते तसे मुरलेले तज्ज्ञही होते. छेदातली जमीन नेमकी कोणत्या प्रकारे मोडलीय हे बरोबर ओळखलं फक्त 21 टक्क्यांनी. अनेकांना तिथे ते दिसलं जे त्यांच्या आधीच्या कामात नेहमी दिसत आलं होतं. आपल्याकडे पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहतो तेव्हा आपण हसतो. त्याच्या नारळाला निदान बोअरची गाडी त्याच संध्याकाळी उत्तर देते.

इथवर आल्यावर नवशिक्याने एकदा भूकंपाच्या किल्लारीकडे बघावं. सोलापूरहून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जनाहून परतलेली माणसं दगडमातीच्या जाड भिंतींच्या घरांत झोपली होती. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. आमच्या घरात मांडणीवरची भांडी पडली. ती पहाट आठवणारे अजूनही ‘भूकंप’ म्हणत नाहीत, नुसतं ‘तेव्हा’ म्हणतात. देशाच्या भूकंप नकाशावर तो भाग तेव्हा सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. आदल्या वर्षी जमीन अनेकदा हादरली होती, तरी नकाशा तसाच होता. पुढे 2002 साली तो पट्टाच रद्द केला.

नंतर तिथे 617 मीटर खोल बोअर घेतलं. 338 मीटर बेसाल्ट, मग जेमतेम आठ मीटर गाळ, आणि त्याखाली पुरातन पाषाण. वर शेतात भेगा आणि उंचवटा उमटला होता तो सुमारे किलोमीटरभर. खालच्या थरांत सापडलेली घसरण काही मीटरची.

आता तिसऱ्या धड्यातला बेसाल्ट परत घ्या. लाट सेकंदाला पाच किलोमीटर धावते आणि पंचवीस वेळा कंप पावते. एका लाटेची लांबी झाली दोनशे मीटर. साध्या ठोकताळ्याने तिच्या चौथाईपेक्षा, म्हणजे पन्नास मीटरपेक्षा बारीक गोष्ट नीट सुटी दिसत नाही. किल्लारीची घसरण काही मीटरची. म्हणजे 1993 च्या आधी कुणी तिथे जिओफोन पेरून सुंदर छेद काढला असता, तर माझ्यासारख्या नवशिक्याने त्यावर एकही काडी टाकली नसती आणि फाईलला ‘फायनल’ नाव दिलं असतं.

धडा आठवा : तुटक रेघ.

ज्या फॉल्टची खात्री नाही तो नकाशावर तुटक रेघेने दाखवायची जुनी पद्धत आहे. सॉफ्टवेअरमध्येही ती सोय असते, रंगांच्या यादीच्या खाली, दोन मेनू आत. मी ती गेल्या महिन्यात पहिल्यांदा उघडली. जांभळा फॉल्ट पुसला, बाकीच्या अकरांपैकी सात तुटक केले. चित्राची सगळी शान गेली. वीज आली होती. खालून मागाचा खडखडाट सुरू झाला आणि अण्णा चहा अर्धा टाकून उठले.