बुडताना इंग्रजी कसे बोलावे

सर्वप्रथम, ओरडू नये. अतिशयोक्ती म्हटली की ज्यांना शाळेतले दमडीचे तेल आठवते त्यांना हे जड जाईल. पण इंग्रजी गद्यात अतिशयोक्तीची पत पूर्वीपासूनच बेताची आहे. १५८९ साली लंडनमध्ये निनावी निघालेल्या आणि जॉर्ज पटनमच्या नावावर मांडल्या जाणाऱ्या काव्यशास्त्राच्या पुस्तकात ग्रीक अलंकारांना घरगुती इंग्रजी नावे दिली आहेत. त्यात अतिशयोक्तीला चक्क ‘मोठ्याने खोटे बोलणारा’ म्हटले आहे आणि उपरोधाला ‘कोरडा टोमणा’. कोणाला माजघरात घ्यायचे आणि कोणाला ओसरीवरूनच वाटेला लावायचे, हे तेव्हाच ठरल्यासारखे दिसते.

नवशिक्याने पुनरुक्तीपासून सुरुवात करावी. लागोपाठच्या वाक्यांचा आरंभ त्याच शब्दांनी करायचा, की झाले. ४ जून १९४० रोजी चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत किनारे, शेते, रस्ते, टेकड्या अशी ठिकाणे बदलत एकच निर्धार पुन्हा पुन्हा उच्चारला. डंकर्कहून ३,३८,००० सैनिक शत्रूच्या तावडीतून नुकतेच परत आणले होते. म्हणजे या अलंकाराला आधी शत्रू लागतो, तोही शक्यतो एका खाडीपलीकडे. तो हाताशी नसताना तिमाही विक्रीच्या अहवालात ही रचना वापरली, तर ऐकणारे घड्याळ पाहू लागतात.

पुढची पायरी उलटापालटीची. १९६१ च्या पदग्रहणाच्या भाषणात केनेडी यांनी देश आणि नागरिक यांच्या जागांची अदलाबदल करून दाखवली, तेव्हापासून प्रत्येक पदवीदान समारंभात कोणी ना कोणी काही तरी उलटे करून दाखवतो. कृती सोपी आहे: वाक्याची दोन टोके धरून ते फिरवावे. अर्थ निघाला तर ठेवावे. न निघाला तर भाषणाच्या शेवटी ठेवावे.

लांबीबद्दल एकच सूचना. १८६३ मध्ये गेटिसबर्गला एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर लिंकन सुमारे २७० शब्द. एव्हरेट काय म्हणाले, हे आता कोणी विचारत नाही.

आता मुख्य विषय: न्यूनोक्ती. आधीचे सगळे अलंकार कोणीही उचलावेत. हा मात्र रियाजाने येतो. नियम असा, की प्रसंग जितका भीषण, तितके विशेषण बारीक. आदर्श पाठ म्हणून कॅप्टन एरिक मूडी यांची उद्घोषणा अभ्यासावी. २४ जून १९८२ च्या रात्री क्वालालंपूरहून पर्थकडे निघालेले त्यांचे ब्रिटिश एअरवेजचे जम्बो जेट जावा बेटाजवळ गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरले आणि चारही इंजिने बंद पडली. कॅप्टननी प्रवाशांना कळवले, की एक छोटी अडचण आली आहे. चारही इंजिने थांबली आहेत, ती सुरू करण्याची खटपट चालू आहे आणि आपण फार काळजीत नसाल अशी आशा आहे. ‘छोटी’ हा शब्द चार इंजिनांच्या आधी आला आहे, हे लक्षात घ्यावे. नंतर आला असता तर तो खुलासा ठरला असता. (इंजिने पुन्हा सुरू झाली. विमान जाकार्ताला उतरले.)

आनंदालाही हाच नियम लागू. डीएनएची रचना सापडली तेव्हा फ्रान्सिस क्रिक यांनी केंब्रिजच्या ‘ईगल’ पबमध्ये जीवनाचे रहस्य मिळाल्याचे जाहीर करून टाकले, असे त्यांचे सहकारी वॉटसन यांनी लिहून ठेवले आहे. पण २५ एप्रिल १९५३ च्या ‘नेचर’मध्ये मात्र, आनुवंशिक द्रव्याची नक्कल कशी होत असावी हे आमच्या नजरेतून सुटलेले नाही, एवढेच दबक्या आवाजात नोंदवले. तात्पर्य, आरडाओरडा पबमध्ये करावा, छापताना नाही.

अशा नकारातून बोलण्याला टीकाकारही भेटले. जॉर्ज ऑर्वेल यांनी १९४६ च्या एका निबंधात ‘अयोग्य नाही’ छापाच्या दुहेरी नकारांची टर उडवली आणि ही खोड मोडायला एक मुद्दाम हास्यास्पद वाक्य पाठ करायला सांगितले. सरकारी नोकरीत असणाऱ्यांनी ते पाठ करू नये. बढतीच्या दृष्टीने ते अगदीच निरुपद्रवी नाही.

एक धोक्याची सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातल्या इमजिन नदीकाठी ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या बटालियनला चिनी फौजांनी वेढले. ब्रिगेडियर ब्रोडी यांनी वरच्या अमेरिकी जनरलला कळवले, की परिस्थिती जराशी चिकट झाली आहे. इंग्रज कानाला यात हाहाकार ऐकू आला असता. अमेरिकी कानाने ‘जराशी’ ऐकले आणि फार घाई नाही असे समजून घेतले, असे सांगतात. बटालियनचे ५०० हून अधिक लोक युद्धकैदी झाले.

तेव्हा वायरलेस उचलण्याआधी पलीकडे कोण आहे याची चौकशी करावी. अमेरिकी अधिकारी असल्यास टेकडीचा क्रमांक, शत्रूची संख्या आणि मदत किती वाजेपर्यंत हवी, एवढेच सांगावे. विशेषणे सुटका झाल्यावर आत्मचरित्रात वापरता येतात.