चार धरणांचा लॅपटॉप

माझ्या लॅपटॉपला १६ जीबी मेमरी आहे आणि ती सगळी एकाच जागी आहे. तरी मशीन सुरू करताना मी लिनक्सला बजावतो, की ही चार ठिकाणी विभागलेली आहे असं समज. ‘नुमा=फेक=४’ एवढी सूचना त्याला पुरते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मुकाट्याने मेमरीचे चार-चार जीबीचे चार भाग, म्हणजे नोड, पाडतो, चार वह्या उघडतो आणि प्रत्येक नोडवर के-स्वॅप-डी नावाचा एकेक कामगार नेमतो. जागा कमी पडू लागली की जुनं सामान हलवणं हे त्याचं काम. भिंत नाही, दरवाजा नाही, आणि चार चौकीदार मात्र हजेरीपटावर.

हा खटाटोप कशासाठी? मोठ्या सर्व्हरमध्ये दोन, चार, आठ प्रोसेसर असतात आणि प्रत्येकाच्या बुडाशी त्याची स्वतःची मेमरी असते. जवळची मेमरी लवकर मिळते, शेजाऱ्याची मिळते पण उशिरा. या रचनेचं नाव नुमा. मग कोणाला कुठली द्यायची, संपली तर कोणाच्या दारात जायचं, हे ठरवणाऱ्या कारकुनाला म्हणतात ॲलोकेटर. त्याच्या कारभाराची परीक्षा घ्यायची तर तसं यंत्र हवं. ते नगरला सावेडीतल्या माझ्या दोन खोल्यांत आणलं तर वीजबिल भरायला यंत्रच विकावं लागेल. म्हणून हे नाटक.

नगर जिल्ह्यातल्या माणसाला हे समजवायला फळा लागत नाही. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण एसटीत बसून तिकीट मागताना जीभ अजून ‘नगर’च म्हणते.) अकोले तालुक्यात १९२६ साली पुरं झालेलं भंडारदरा, प्रवरेवरच त्याच्या खाली निळवंडे, राहुरीच्या बाजूला २६ टीएमसीचं मुळा, आणि या सगळ्यांच्या खाली पैठणला तोंड उघडून बसलेलं जायकवाडी. साठा एकीकडे, तहान दुसरीकडे आणि मध्ये कालवा. मी माझ्या चार नोडांना या चौघांची नावं दिली आहेत. लॅपटॉपचा आब वाढला.

आमचे आबा कुकडीच्या डाव्या कालव्यावर कालवा निरीक्षक होते. श्रीगोंदा-कर्जतकडचा टेलचा, कालव्याच्या शेपटाकडचा, पट्टा त्यांच्याकडे, म्हणजे पाणी येईल तेव्हा येईल आणि शिव्या रोज येतील असा भाग. निवृत्त झाले तरी कोणाचं आवर्तन कधी सुटलं हे त्यांना पाठ असतं. एकदा माझ्या पडद्याकडे बघत त्यांनी विचारलं, “यात पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज कुठं भरायचा?”

मी म्हणालो, “आबा, प्रोग्रॅम मेमरी मागतो, कर्नल लगेच हो म्हणतो. पण प्रत्यक्ष जागा तेव्हाच देतो, जेव्हा प्रोग्रॅम त्यात पहिल्यांदा काही लिहायला जातो. त्यामुळे असलेल्यापेक्षा जास्त मंजुऱ्याही देऊन बसतो.”

“म्हणजे मंजुरी आहे, पाणी नाही.”

“हो.”

“आणि सगळे एकदम आले तर?”

“तर एकाला मारून टाकतो. बहुतेक वेळा ज्याने जास्त घेतलंय त्याला.”

आबांनी चष्मा काढून पुसला. “आमच्यात एवढी हिंमत नव्हती,” ते म्हणाले.

खोट्या नोडांमुळे खऱ्या गमती सापडतात. कुठल्याशा कोडात कोणीतरी गृहीत धरलेलं असतं की शून्य क्रमांकाच्या नोडवर मेमरी असणारच. आता एखादा नोड असा दाखवायचा ज्याला प्रोसेसर आहेत पण मेमरीच नाही. पारनेर-पाथर्डीसारखा, रान आहे, मोठं धरण नाही. (हा प्रकार वठवायला क्यूईएमयू या प्रोग्रॅममधलं आभासी यंत्र सोपं पडतं.) कोड तिथेच आडवं होतं. किंवा एका प्रोग्रॅमला सक्तीने एकाच नोडला बांधायचं. त्याचा नोड आटतो, शेजारचे तीन काठोकाठ भरलेले असतात, आणि हा नियमाप्रमाणे मरतो. नियमाप्रमाणे मरणाऱ्यांबद्दल संगणक आणि शासन दोघेही सारखेच निर्विकार असतात.

लिनक्समध्ये एक जुनी सवय होती. काही यंत्रांवर, आपला नोड भरला की शेजाऱ्याकडे जाण्याआधी आपलाच पिळून काढायचा. शेजारी रिकामी जागा पडलेली आणि इकडे झाडलोट चाललेली, त्यात कामं खोळंबायची. २०१४ मध्ये ३.१६ आवृत्तीत ही सवय मुळातच बंद ठेवायचं ठरलं. हवी त्याने चालू करावी. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने गोदावरी खोऱ्याबाबत आदेश दिला. पाणीवाटपासाठीच्या मेंढेगिरी समितीच्या सूत्राप्रमाणे १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. दोन्ही ठिकाणी प्रश्न तोच: शेजाऱ्याकडे कधी जायचं. लिनक्सवाल्यांना मात्र आदेश काढल्यावर मोर्चा आला नाही, की कोर्टाची तारीख लागली नाही.

आणि इथेच माझ्या नाटकाची मर्यादा उघडी पडते. नोडांमधलं अंतर एका तक्त्यात लिहिलेलं असतं. आपल्या घरी १०, परक्या घरी २० किंवा २१. माझ्या खोट्या धरणांत मी ते काहीही लिहू शकतो. कर्नल ते खरं मानून वाटप करतो, पण वेळ तेवढाच लागतो, कारण मेमरी मुळात एकाच पट्टीवर आहे. वाटप बरोबर झालं का हे कळतं. वहनव्यय कळत नाही. मुळ्यातून सोडलेल्या पाण्यातलं किती नदीच्या वाळूने प्यायलं, किती मोटारींनी रात्री ओढलं आणि जायकवाडीत किती पोचलं, यावरच तर सगळी भांडणं होतात. तक्त्यातल्या २१ या आकड्याला वाळू लागत नाही.

तरी २०२४ मध्ये एक चमत्कारिक गोष्ट घडली. रास्पबेरी पाय ५ हा तळहाताएवढा संगणक. त्यात मेमरी एकच, नोड एकच. इगालिया या स्पॅनिश कंपनीतल्या लोकांनी तिचे खोटे नोड पाडले आणि मागण्या आळीपाळीने त्यांच्यात वाटल्या. त्यामुळे मेमरीच्या चिपमधले वेगवेगळे कप्पे एकाच वेळी कामाला लागले आणि एका चाचणीत सगळे कोअर मिळून वेग सुमारे १८ टक्क्यांनी वाढला. ही युक्ती निघाली ती नाटकासाठी, आणि इथे नट खरोखरच कामाला लागला.

आबांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला.

“म्हणजे कागदावर चार धरणं पाडली, आणि पाणी वाढलं?”

“वाढलं नाही आबा. तेवढंच होतं, लवकर पोचलं.”

“टेलपर्यंत?”

“टेलपर्यंत.”

“मग त्या माणसाला,” आबा म्हणाले, “एक उन्हाळा कुकडीवर पाठव.”