दरसाल शेकडा चार

गिरगावातील एका चाळीच्या मालकाने आपल्या एका जुन्या भाडेकरूस वकिलामार्फत नोटीस धाडली असून तीत दरमहा २६ रुपये ६३ पैशांच्या फरकाची मागणी केली आहे. मालकाचे म्हणणे असे की, ३१ मार्च २००० रोजी, म्हणजे भाडे नियंत्रणाचा नवा कायदा अमलात आला त्या दिवशी, सदर खोलीचे भाडे ४० रुपये होते. कायद्याच्या अकराव्या कलमाने त्यात दरसाल शेकडा चार वाढ करण्याचा हक्क मालकास दिलेला आहे. तेव्हा पंचवीस वर्षांची ही वाढ चक्रवाढीने धरता भाडे १०६ रुपये ६३ पैसे होते. भाडेकरू म्हणतो, वाढ मूळ चाळिसांवर सरळ धरावयाची. म्हणजे सालास १ रुपया ६० पैसे, पंचवीस सालांचे ४० रुपये, एकूण ८०. तेवढे तो दरमहा बिनचूक भरतो, आणि मालक 'हक्क राखून' तेवढ्याची पावती बिनचूक देतो.

आता या २६ रुपयांविषयी आमची काही तक्रार नाही. दोन कटिंग चहा त्यात निश्चित येतात. आमचे चित्त खिळून राहिले आहे ते त्या ६३ पैशांवर. चार आण्यांचे नाणे २०११ च्या जूनअखेर सरकारने व्यवहारातून काढून घेतले. आठ आण्यांचे नाणे कायद्याने जिवंत असले तरी भाजीवाली ते हातात घेत नाही. आणि ते तिने घेतलेच, तरी उरलेले तेरा पैसे आणावयाचे कोठून? मोबाइलवरून पैसेसुद्धा धाडता येतात, असे भाडेकरूच्या नातीने सुचवून पाहिले. ती सूचना दोन्ही पक्षांनी एकमुखाने फेटाळली. गेल्या कित्येक वर्षांतील त्यांचे हे पहिलेच मतैक्य होय.

वस्तुतः कायदा 'दरसाल चार टक्के' म्हणून थांबला आहे. मूळ भाड्यावर की वाढलेल्या भाड्यावर, हे सांगण्याचे कष्ट त्याने घेतलेले नाहीत, आणि ज्या ठिकाणी कायदा दम खातो त्या ठिकाणी वकिलाचा संसार उभा राहतो. या एका मौनाचा परिणाम किती दूरवर जातो हे पाहण्याकरिता आम्ही स्वतः कागदपेन्सिल घेऊन बसलो. पाच हजारांवरील रकमेच्या पावतीस एक रुपयाचे रेव्हिन्यू तिकीट लावावे लागते, हे वाचकांस ठाऊक आहेच. तर या खोलीच्या भाडेपावतीवर ते तिकीट प्रथम केव्हा लागेल? मालकाचा चक्रवाढीचा पक्ष खरा मानला तर इसवी सन २१२४ मध्ये. भाडेकरूचा सरळवाढीचा पक्ष खरा मानला तर इसवी सन ५१०१ मध्ये. म्हणजे 'न्याय्य भाडेवाढ' या एका पदाच्या दोन अर्थांमध्ये जवळजवळ तीन सहस्रकांचे अंतर आहे, आणि इमारत तर येत्या पावसाळ्यात राहील की नाही याची शाश्वती तिच्या जिन्याखाली लावलेल्या टेकूलाही नाही. नोटिशीच्या अखेरीस, सदर नोटिशीचा खर्च ५००० रुपये आपणांकडून वसूल केला जाईल, असेही लिहिले आहे. त्या आकड्यास मात्र पैसे जोडलेले नाहीत, आणि तो सरळ की चक्रवाढ असा प्रश्न कोणी काढलेला नाही.

येथवर आम्ही समतोल राखला. यापुढे तो राखवत नाही. मालक सांगतो की ऐंशी रुपयांत जिन्याचा एक कठडासुद्धा दुरुस्त होत नाही, आणि हे खरे आहे; १९४७ च्या कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण ठरवून जी गाठ मारली ती पन्नासहून अधिक वर्षे कोणी सैल केली नाही, हेही खरे आहे. परंतु शेजारची खोली एका हातातून दुसऱ्या हातात गेली तेव्हा पागडीतला जो घसघशीत वाटा याच मालकाने घेतला, आणि जो घेणे चार टक्क्यांच्या याच कायद्याने आता राजरोस झाले आहे, त्यातला एक खिळादेखील त्या कठड्याला ठोकलेला आम्ही पाहिला नाही. भाडेकरू सांगतो की भाडे नियंत्रण हे गरिबांचे कवच आहे, आणि हेही कधीकाळी खरे होते. गिरणीच्या पगारात चारजणांचे बिऱ्हाड ज्यांनी त्या दहा बाय बाराच्या खोलीत उभे केले त्यांना रस्त्यावर येऊ न देणारा तो कायदा होता, आणि त्याची टिंगल करण्याइतके आम्ही कृतघ्न नाही. परंतु या कवचाच्या आत आज कोण आहे? खोलीला कुलूप आहे. वीजबिल आणि भाडेपावती हक्काचा पुरावा म्हणून बँकेच्या लॉकरात आहे. आणि सदर गृहस्थ स्वतः डोंबिवलीस स्वतःच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सुखाने राहून, त्याच मजल्यावरचा दुसरा फ्लॅट, जो त्यांच्या पत्नीच्या नावे आहे, तो साताऱ्याहून नोकरीस आलेल्या एका मुलास लीव्ह अँड लायसन्सने देऊन बसलेले आहेत. त्या मुलास कवच नाही, अकरावे कलम नाही, आजोबांनी जपून ठेवलेली पावती नाही. अकरा महिन्यांची मुदत आहे, अनामत आहे, आणि मुदत संपताच शेकडा दहा वाढीची अट आहे. सरळ की चक्रवाढ, हे त्या मुलाने विचारून पाहिले. 'वाढलेल्या भाड्यावर. त्यात विचारायचे काय?' असे उत्तर देताना चाळिसांवरच्या सरळ वाढीसाठी लढणाऱ्या या सत्याग्रहीच्या आवाजात किंचितही कंप नव्हता. मालकाचाही एक फ्लॅट विरारला असाच दिलेला आहे, आणि त्या कराराचा मसुदाही याच वकिलाने केला आहे.

मुलाचे भाडे गेल्या वर्षी १५,००० होते. दहा टक्क्यांनी ते १६,५०० व्हावयास हवे होते. करारात १७,००० लिहिले आहे. हिशेबाला सोपे पडावे म्हणून.