टोपी आणि तिच्या जोडीचा मफलर : इच्छुकांसाठी सूचना

रंगीत नक्षीची लोकरीची टोपी विणण्यात फारसा पराक्रम नाही. परीक्षा असते ती तिच्या जोडीचा मफलर विणण्यात, आणि बहुतेकजण ती ‘जोडी किती छान दिसेल, नाही?’ असे बोलून स्वतःवर ओढवून घेतात. ज्यांच्या तोंडून हे वाक्य गेले आहे, त्यांच्यासाठी पुढील सूचना. ज्यांच्या तोंडून अजून गेलेले नाही, त्यांनी टोपीवर थांबावे आणि सुखाने जेवावे.

आधी परंपरा, तिच्याशिवाय कुठल्याही उद्योगाला वजन येत नाही. ही नक्षी फेअर आइलची. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मध्ये हे जेमतेम पाच किलोमीटर लांबीचे बेट आहे. 1588 साली स्पॅनिश आरमारातले ‘एल ग्रान ग्रिफोन’ हे जहाज इथे फुटले आणि त्यातल्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना नक्षी शिकवली, अशी कथा सांगतात. पुरावा काही नाही. उपाशी, कुडकुडणारे खलाशी किनाऱ्याला लागताच विणकामाचे वर्ग घेतील, हे ज्यांना पटते त्यांनी मफलर जरूर विणायला घ्यावा. दोन्हीला भाबडेपणा सारखाच लागतो. पुढे 1922 मध्ये तेव्हाचे प्रिन्स ऑफ वेल्स सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर असा स्वेटर घालून उतरले आणि नक्षीला भाव आला. विणणाऱ्या बायका मात्र कमरेला घोड्याचे केस भरलेला चामडी पट्टा बांधायच्या, त्याच्या भोकात सुई खोवायच्या आणि पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणायच्या. आपण सोफ्यावर पाठीला उशी घेऊन बसणार आहोत. तेव्हा ‘हात भरून आले’ ही तक्रार जरा बेतानेच करावी.

लोकर घेताना गुंड्यावरची पट्टी वाचावी. तिच्यावर रंगाचा क्रमांक असतो आणि शेजारी लॉटचा. या दुसऱ्या क्रमांकाकडे बघण्याची आपल्यात पद्धत नाही. दुकानदार म्हणतो, “सेमच आहे हो ताई, ट्यूबलाइटमुळे वेगळा वाटतोय.” दुकानात ते खरे असते. अर्धा मफलर झाल्यावर, भर दुपारी गॅलरीत खोटे ठरते. म्हणून सगळी लोकर एकदम, एकाच लॉटची घ्यावी. ब्लाउजपीसला मॅचिंग शोधत तुळशीबागेत हयात घालवलेल्यांना रंगाची पारख असते, पण ती इथे आड येते. डोळ्याला गोड जुळणारे दोन रंग नक्षीत एकमेकांत हरवतात. दोन गुंडे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढावा. त्यात दोन्ही सारखेच करडे दिसले, तर कितीही आवडले असले तरी एक परत करावा.

आता टोपी. आधी छोटा तुकडा विणून टाके मोजावेत. हा तुकडा कोणीही विणत नाही, म्हणूनच घराघरांत बाहुलीला होणाऱ्या टोप्या आढळतात. समजा 10 सेंटिमीटरमध्ये 24 टाके बसले आणि डोके 55 सेंटिमीटरचे आहे. टोपी ताणून बसायची, म्हणून 50 चा घेर धरावा, म्हणजे 120 टाके. या आकड्याला 8, 10, 12, 24 अशा सगळ्यांनी भाग जातो, त्यामुळे नक्षी कुठेही तुटत नाही. शाळेत लसावि कशासाठी शिकलो, हे इथे कळते. काठाला दोन सुलट, दोन उलट, त्यानंतर नक्षी. एका ओळीत दोनच रंग. ज्या रंगाची पाळी नसते त्याचा धागा मागून सैल न्यावा, पण पाच टाक्यांहून लांब मोकळा सोडू नये, कानातले अडकते. दोन्ही धाग्यांच्या जागा ठरलेल्या असाव्यात. मागच्या बाजूला जो धागा खालून जातो, त्याचा रंग सुलट बाजूने अधिक ठसठशीत दिसतो. मध्येच फोन घेतला आणि धागे उलटसुलट धरले, की तेवढ्या ओळींतली नक्षी रुसल्यासारखी फिकी पडते. ती कोणाला दिसत नाही. फक्त विणणारीला दिसते, आणि जन्मभर दिसते.

टाके मोजताना बोलू नये. “चहा ठेवू का गं?” या प्रश्नाला “सत्तेचाळीस” हे पुरेसे उत्तर आहे, एवढे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे.

टोपी झाली. सगळ्यांनी कौतुक केले. इथून खरा खेळ सुरू होतो.

टोपीची उलटी बाजू डोक्याकडे असते, त्यामुळे आतले लोंबते धागे कोणी पाहत नाही. मफलर वाऱ्यावर उलटतो आणि सगळे उघडे पडते. त्यावर शेटलंडइतकाच जुना आणि निर्दय उपाय म्हणजे तो नळीसारखा वाटोळा विणायचा: दोन्हीकडून सुलट, धागे पोटात. रुंदी 20 सेंटिमीटर म्हणजे घेर 40, टाके 96. लांबी दीड मीटर, 10 सेंटिमीटरला 28 ओळी धरल्या तर ओळी 420. गुणाकार 40,320 टाके. टोपीचे सहा हजारांच्या आसपास भरतात. म्हणजे ‘टोपीला जोडीचा’ म्हणून जे घेतले, ते जवळजवळ सात टोप्यांचे काम आहे, आणि डोके एकच.

पळवाट आहे. दोन्ही टोकांना नक्षी, मधला भाग एकरंगी. याला फसवणूक म्हणणाऱ्यांनी मफलर पूर्ण केलेला नसतो. मात्र एकरंगी विणकाम सैल पडते; मधल्या भागाला बारीक सुया घेतल्या नाहीत, तर मफलर ससा गिळलेल्या अजगरासारखा फुगतो.

शेवटी दोन्ही कोमट पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, सपाट पसरून वाळवावेत. नक्षीच्या सुरकुत्या मोडतात. टोपी पालथ्या पातेल्यावर बसवावी. ही किमया खऱ्या लोकरीची. आपल्या बाजारात लोकर म्हणून मिळणारे बरेचसे गुंडे ॲक्रिलिकचे असतात, आणि ते फारसे ऐकत नाहीत. पुण्यात ही जोडी डिसेंबर-जानेवारीतल्या काही सकाळी वापरता येईल, म्हणून बहुधा ती न्यू जर्सीच्या नातवाकडे रवाना होते.

नातवाला आणि विशेषतः सूनबाईंना एकच विनंती: गरम पाण्यात, वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. खरी लोकर आटते आणि नारळाला बसेल एवढी टोपी बाहेर येते. थंड पाण्यात, हाताने धुवा. दुसरी विणून मिळणार नाही.