खानाचा मुक्काम वाईत

पावसाळ्यात आमच्या मजल्यावर चामड्याचा करपट वास सुटला की समजायचं, समोरच्या शाहिरांनी गॅसवर डफ धरलाय. हवा दमट झाली की डफाचं कातडं सैल पडतं आणि थाप गादीवर मारल्यासारखी वाजते. जुने शाहीर शेकोटी करत, हे मोठा बर्नर वापरतात. डफ ज्योतीवर गोल गोल फिरवायचा, मधूनच टिचकी मारून कान लावायचा आणि म्हणायचं, "अजून बोलत नाही." तेवढ्यात वहिनी विचारतात, "अहो, तो बोलेपर्यंत पोळ्यांनी काय करायचं?"

विम्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर हे नातवाला पोवाड्याच्या उन्हाळी शिबिरात सोडायला गेले. नातू दुसऱ्याच दिवशी क्रिकेटकडे वळला, आजोबा राहिले. तिथे पोराटोरांच्या रांगेत बसून त्यांनी खडा आवाज लावायला शिकून घेतला. तो आता खाली येत नाही. दूधवाल्याला "उद्या अर्धा लिटर जास्त" सांगतात तेही सिंहगडाच्या कड्यावरून सांगितल्यासारखं. बाकी शिकले मात्र मन लावून. पोवाड्यात गाणं थोडं आणि सांगणं फार. शाहीर चौक म्हणतो, झीलकरी मागून "जी जी रं जी" करत सूर धरून ठेवतात, तेवढ्यात शाहिराने दम घ्यायचा आणि गद्यात शिरायचं. हे गद्यात सहज शिरतात. पंचाईत होते ती बाहेर पडताना.

झीलकरी दोन. एक सख्खा मेव्हणा, त्याला नाही म्हणायची सोय नाही. दुसरा वरच्या मजल्यावरचा कॉम्प्युटरवाला मुलगा, घरून काम करणारा. तो मीटिंग म्यूट करून तालमीत झील धरतो. एकदा म्यूट करायचं राहिलं, आणि त्याच्या बंगळुरूच्या साहेबाला वाटलं, एवढा आज्ञाधारक माणूस आपल्या हाताखाली आहे आणि आपल्याला पत्ताच नाही.

सगळं अस्सल हवं, हा शाहिरांचा हट्ट. डफ, तुणतुणं, झांज, बस्स. पेटी चालणार नाही. ती साहेबाची, शिवकाळात कुठली? आता हे ज्या पोवाड्यांवर जगतात, ते जमवून १८९१ साली छापले अ‍ॅक्वर्थ नावाच्या साहेबाने आणि शंकर तुकाराम शाळिग्रामांनी. हे त्यांच्या कानावर घातलं, तर ते लगेच तुणतुण्याची खुंटी पिळायला लागतात. ती तार सुरात येईपर्यंत समोरचा माणूस आपला प्रश्न विसरतो. फेटा मात्र तयार बांधलेला, टोपीसारखा डोक्यावर ठेवायचा. त्याबद्दल मी विचारत नाही. शेजार टिकवायचा असतो.

अज्ञानदास हे त्यांचं दैवत. त्याने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला आणि महाराजांनी त्याला घोडा आणि शेरभर सोन्याचा तोडा दिला. तसं त्या पोवाड्यातच सांगितलं आहे. बिदागीची नोंद काव्यातच करून ठेवणारा हा कवी मला फार व्यवहारी वाटतो. आमच्या शाहिरांना गणेशोत्सवात सोसायटीकडून तुळशीचं रोप मिळतं. दर वर्षी. त्यांच्या बाल्कनीत आता उभं राहायला जागा नाही.

सोसायटी रोप देते, वेळ देत नाही. कार्यक्रमात शाहिरांना मिळतात १० मिनिटं आणि हे खानाला १६५९ च्या विजापूर दरबारातून उठवतात. विडा उचलणं, फौज, हत्ती, तोफा. मग तुळजापूर, मग पंढरपूर. प्रत्येक मुक्कामाला गद्य. खान वाईत पोचतो, वाई ही त्याच्या जुन्या सुभेदारीतली, म्हणून शाहीर तिथे जरा रेंगाळतात, आणि सेक्रेटरी हात वर करून घड्याळ दाखवतात. पुढे लहान गटाचा नाच असतो, मुलं पंख लावून उभी असतात. त्यामुळे आमच्या सोसायटीत खान वर्षानुवर्षं वाईतच राहिला. मी एकदा सुचवून पाहिलं, थेट प्रतापगडाच्या पायथ्यापासून सुरुवात करा. शाहीर दुखावले. "खान एवढा लवाजमा घेऊन आला, तो कळल्याशिवाय त्याच्या मरणाला काय अर्थ?" मुद्दा चुकीचा नव्हता, हीच अडचण.

यंदा खान वाईत शिरला आणि लाइट गेली. माइक बंद, अंधार, सेक्रेटरींचा हात दिसेना. डफ मात्र संध्याकाळीच शेकलेला, टणटणीत बोलत होता. शाहीर निघाले ते थेट जावळीच्या जंगलात, गद्यबिद्य विसरून. शामियान्यात भेट झाली, खानाने मान काखेत दाबली, आणि मेव्हण्याने आयुष्यात पहिल्यांदा झील वेळेवर धरली. पंख लावलेली पोरं स्टेजच्या कडेला येऊन चिकटली. खान पडला. लाइट आली तेव्हा सेक्रेटरी सतरंजीवर मांडी घालून बसलेले दिसले.

"आजोबा, परत मारा ना!" एक परी ओरडली.

शाहिरांनी फेटा सारखा केला, घाम पुसला. "मारतो की. पण मग खानाला विजापुराहून निघावं लागेल."

"अहो," पहिल्या रांगेतून वहिनी म्हणाल्या, "वाईपासून घ्या."